संक्रमणी धातूंमधील उत्तेजित इलेक्ट्रॉनांचे आयुर्मान

संक्रमणी धातूंमधील उत्तेजित इलेक्ट्रॉनांचे आयुर्मान : धातूतील इलेक्ट्रॉनास प्रकाश, क्ष-किरण किंवा दुसरा वेगवान इलेक्ट्रॉन यांच्याकडून ऊर्जा मिळाली म्हणजे तो फेर्मी पातळीच्या (निरपेक्ष शून्य तापमानास इलेक्ट्रॉनांनी व्यापलेल्या सर्वोच्च ऊर्जा पातळीच्या) वरच्या एखाद्या रिकाम्या अवस्थेत जातो. या अवस्थेत तो सरासरीने जितका काळ टिकतो त्यास त्याचे आयुर्मान म्हणतात. लोह, कोबाल्ट, निकेल यांसारख्या संक्रमणी धातूंत फेर्मी पातळीहून सुमारे एक इलेक्ट्रॉन व्होल्ट अधिक ऊर्जा असलेल्या इलेक्ट्रॉनाचे आयुर्मान काही फेमटोसेकंद, फार तर दहा फेमटोसेकंदांच्या आसपास, असते (एक फेमटोसेकंद म्हणजे सेकंदाचा दशलक्ष-अब्जावा भाग). तांबे, चांदी व सोने या शेजारच्या धातूंत ते याच्या कित्येक पट असते. आवर्त सारणीत निकेल व तांबे यांची घरे एकमेकांस लागून आहेत; दोघांच्या अणूंत एका इलेक्ट्रॉनाचाच फरक आहे. असे असता आयुर्मानात एवढे अंतर का पडावे आणि उपकरणावर मोजला गेलेला काळ हे खरोखरच आयुर्मान असते काय, या दोन प्रश्नांभोवती या विषयाचा इतिहास गुंफलेला आहे.

एकाकी अणू व धातू : उत्तेजित अवस्था अल्पायुषीच असते असे नाही. हायड्रोजन अणूतील इलेक्ट्रॉन व प्रोटॉन यांची परिवलने समांतर असलेली अवस्था ही किंचित अधिक ऊर्जेची असते. ती आपोआप मोडून २१ सेंमी. तरंगलांबीचा रेडिओ तरंग बाहेर पडण्यास सरासरीने सुमारे १.१ कोटी वर्षे लागतात. हेंड्रिक व्हान द हुल्स्ट यांनी १९४४ मध्ये या तरंगाचे भाकीत केले व १९५१ मध्ये तो प्रत्यक्ष आढळला. पुणे जिल्ह्यात जुन्नर तालुक्यातील खोडद येथे, आंबेगाव तालुक्यातील अवसरी खुर्द या गावापासून फारशा दूर नसलेल्या माळावर, गोविंद स्वरूप (१९२९–२०२०) यांच्या नेतृत्वाखाली उभारलेल्या रेडिओ दूरदर्शकाच्या ४५ मी. व्यासाच्या ३० तबकड्या हाच तरंग दूरच्या दीर्घिकांतून टिपतात. त्याच हायड्रोजनाच्या पहिल्या उत्तेजित पातळीवरील (२पी) इलेक्ट्रॉन मात्र दीड नॅनोसेकंदाच्या आसपास प्रकाश देऊन खाली उतरतो. म्हणजे एकाकी अणूतही आयुर्मानाची मर्यादा फार विस्तृत आहे. परंतु अशा अणूला आपली ऊर्जा टाकण्यास प्रारणावाचून दुसरा मार्ग नसतो. धातूतील इलेक्ट्रॉनाच्या भोवती इतर इलेक्ट्रॉनांची दाटी असते. प्रकाश देण्याची वेळ येण्याच्या फार पूर्वी तो आपली ऊर्जा शेजाऱ्यास देऊन मोकळा होतो. म्हणून धातूतील आयुर्मानाचा प्रश्न हा मूलतः इलेक्ट्रॉनांच्या आपसांतील टकरींचा प्रश्न आहे.

पूर्वपीठिका : धातूतील टकरींचा काळ प्रथम विद्युत् संवाहकतेवरून काढण्यात आला. पाउल ड्रूड यांनी १९०० मध्ये धातूतील इलेक्ट्रॉनांना वायूतील रेणूंप्रमाणे मानून जी उपपत्ती मांडली तिच्यानुसार सामान्य तापमानास तांब्यातील दोन टकरींमधील काळ २० ते ३० फेमटोसेकंद येतो. आर्नोल्ट झोमरफेल्ट यांनी १९२७-२८ मध्ये या उपपत्तीस पुंज सांख्यिकीची जोड दिली. तथापि हा काळ इलेक्ट्रॉनाची दिशा बदलण्याचा आहे, ऊर्जा गमावण्याचा नव्हे. या दोहोंत पुष्कळ काळ गल्लत होत राहिली.

संक्रमणी धातूंचे वेगळेपण नेव्हिल मॉट यांनी १९३५-३६ मध्ये स्पष्ट केले. निकेल किंवा पॅलॅडियम यांचा विद्युत् रोध तांबे व चांदी यांच्या रोधाहून पुष्कळ अधिक का असतो, हा त्यांच्यापुढील प्रश्न होता. या धातूंत विद्युत् प्रवाह मुख्यतः रुंद एस-पट्टातील चपळ इलेक्ट्रॉन वाहून नेतात. परंतु फेर्मी पातळीवर अरुंद डी-पट्टाचाही काही भाग रिकामा असतो. डी-पट्ट अरुंद असल्याने थोड्याशा ऊर्जा मर्यादेत तेथे पुष्कळ जागा असतात. टक्कर झाल्यावर एस-इलेक्ट्रॉन या रिकाम्या जागांत जाऊन पडतो व त्याची चपळाई संपते. तांब्यात डी-पट्ट पूर्ण भरलेला असून फेर्मी पातळीच्या सुमारे दोन इलेक्ट्रॉन व्होल्ट खाली असल्याने हा सापळा तेथे नसतो. मॉट यांचे विवेचन विद्युत् रोधापुरते होते, उत्तेजित इलेक्ट्रॉनांविषयी नव्हते. पुढे साठ वर्षांनी लेसरांच्या साहाय्याने जे आढळले त्याचा गाभा मात्र त्यात आलेला आहे.

ऊर्जा गमावण्याचा विचार ल्येव लांदाऊ यांनी १९५६-५७ मध्ये मांडलेल्या फेर्मी द्रवाच्या उपपत्तीने मार्गी लागला. पाउली यांच्या विवर्जन तत्त्वानुसार उत्तेजित इलेक्ट्रॉन फक्त रिकाम्या अवस्थेतच उतरू शकतो आणि ज्या इलेक्ट्रॉनास तो ऊर्जा देतो त्यालाही वर रिकामी जागा लागते. फेर्मी पातळीजवळ अशा जोड्या फार थोड्या असतात. परिणामी आयुर्मान हे फेर्मी पातळीपासूनच्या ऊर्जेच्या वर्गाच्या व्यस्त प्रमाणात बदलते : ऊर्जा निम्मी केली तर आयुर्मान चौपट होते. जॉन क्विन व रिचर्ड फेरेल यांनी १९५८ मध्ये मुक्त इलेक्ट्रॉन वायूकरिता याचे निश्चित सूत्र काढले. तांब्याच्या संयुजा इलेक्ट्रॉनांची घनता त्यात घातली असता एक इलेक्ट्रॉन व्होल्टास सुमारे २३ फेमटोसेकंद येतात. अधिक दाट इलेक्ट्रॉन वायू असलेल्या ॲल्युमिनियमाकरिता सुमारे ४३ येतात. दाटी वाढली की आयुष्य कमी व्हावे अशी सहज समजूत असते, पण येथे उलटे घडते. दाट वायूत प्रत्येक इलेक्ट्रॉनाचा विद्युत् भार भोवतालच्या इलेक्ट्रॉनांकडून अधिक चांगला झाकला जातो व टकरी दुबळ्या होतात, हे त्याचे मुख्य कारण होय. हे सूत्र डी-पट्टाची काहीच दखल घेत नाही. तरीही ते पुढील चार दशके सर्व तुलनांचा मापदंड राहिले, कारण त्याच्या तोडीचे सोपे दुसरे काही नव्हते.

क्ष-किरण वर्णपटावरून मिळालेला पुरावा : काळ मोजता येत नव्हता तेव्हा रेषेची रुंदी मोजता येत होती. व्हिक्टर व्हाइसकोफ व यूजीन विग्नर यांनी १९३० मध्ये दाखविले, की अवस्था जितकी अल्पायुषी तितकी तिच्यातून निघणारी वर्णरेषा रुंद असते. एक इलेक्ट्रॉन व्होल्ट रुंदी म्हणजे सुमारे ०.६६ फेमटोसेकंद आयुर्मान, असा हा हिशेब आहे. तांब्याच्या सर्वांत आतील के-कवचात पोकळी पडली तर त्या पातळीची रुंदी सुमारे दीड इलेक्ट्रॉन व्होल्ट भरते. म्हणजे ती पोकळी अर्ध्या फेमटोसेकंदाहूनही कमी काळात भरून निघते. येथे मोजले जाते ते मागे राहिलेल्या पोकळीचे आयुर्मान, वर गेलेल्या इलेक्ट्रॉनाचे नव्हे. परंतु फेमटोसेकंदाच्या आतील काळाशी भौतिकीविज्ञांचा परिचय प्रथम याच मार्गाने झाला. लखनौ विद्यापीठातील बी. जी. गोखले यांचा के-श्रेणीतील रेषांच्या रुंदीविषयीचा निबंध १९५२ मध्ये पॅरिसच्या आनाल द फिझिक या नियतकालिकात प्रसिद्ध झाला व नंतरच्या लेखनात त्याचा आधार अनेकदा घेण्यात आला.

खुद्द उत्तेजित इलेक्ट्रॉनाचे आयुर्मान निर्णायक ठरले ते क्ष-किरण शोषणाच्या सूक्ष्म संरचनेच्या वादात. धातूच्या पातळ पत्र्यातून क्ष-किरण जाऊ दिले असता शोषण सीमेच्या पुढे शोषण एकसारखे कमी न होता वरखाली होत जाते, हे १९२० नंतरच्या दशकात ज्ञात झाले होते. राल्फ क्रोनिख यांनी १९३१ मध्ये याचा संबंध संपूर्ण स्फटिकाच्या दूरवर पसरलेल्या सुव्यवस्थेशी जोडला. लगेच पुढे त्यांनीच रेणूंकरिता केवळ शेजारच्या अणूंवर आधारलेली दुसरी उपपत्ती दिली. या दोन उपपत्ती जवळजवळ चाळीस वर्षे शेजारीशेजारी नांदल्या. प्रत्येक धातूच्या आलेखात ज्याला जे हवे ते सापडत असे, असे म्हटल्यास फारशी अतिशयोक्ती होणार नाही. डेल सेयर्स, एडवर्ड स्टर्न व फॅरेल लाइटल यांनी १९७१ मध्ये हा वाद मिटविला. बाहेर फेकला गेलेला इलेक्ट्रॉन शेजारच्या अणूंवरून परावर्तित होऊन परत येतो व त्यामुळे शोषण वरखाली होते. मात्र १०० इलेक्ट्रॉन व्होल्ट ऊर्जेचा इलेक्ट्रॉन धातूत साधारणतः पाच अँगस्ट्रॉम अंतरातच आपली ऊर्जा गमावतो. त्याच्या वेगाचा विचार करता हे आयुर्मान फेमटोसेकंदाच्या दहाव्या भागाहूनही कमी येते. एवढ्या काळात तो दूरच्या अणूपर्यंत जाऊन परत येऊच शकत नाही. म्हणून संपूर्ण स्फटिकाची सुव्यवस्था त्याला जाणवण्याचे कारण उरत नाही. म्हणजे आयुर्मान अल्प असणे हेच या पद्धतीच्या उपयुक्ततेचे मूळ ठरले : केवळ निकटच्या अणूंची अंतरे तीवरून काढता येतात, मग पदार्थ स्फटिकी असो वा नसो. नागपूर विद्यापीठात सी. मांडे व त्यांचे सहकारी यांनी संक्रमणी धातू व त्यांची संयुगे यांच्या के-शोषण सीमांचा जो दीर्घकाळ अभ्यास केला, तो याच शाखेतील होय.

लेसर स्पंदांनी प्रत्यक्ष मापन : वरील सर्व मापने शंभर वा अधिक इलेक्ट्रॉन व्होल्टांच्या प्रदेशातील किंवा आतील कवचांची आहेत. प्रकाशाने उत्तेजित होणाऱ्या, फेर्मी पातळीच्या वर एक-दोन इलेक्ट्रॉन व्होल्टांत असलेल्या इलेक्ट्रॉनांचा प्रदेश त्यांच्या कक्षेबाहेर राहिला. रासायनिक विक्रिया, चुंबकत्व व विद्युत् उपकरणे यांच्या दृष्टीने नेमका हाच प्रदेश महत्त्वाचा आहे. रिचर्ड फोर्क, बेंजामिन ग्रीन व चार्ल्स शँक यांनी १९८१ मध्ये रंजकद्रव्य लेसरापासून १०० फेमटोसेकंदांहून लहान स्पंद मिळविले आणि हे दार उघडले. प्रथम पृष्ठाच्या परावर्तकतेतील बदल पाहून इलेक्ट्रॉन वायू तापतो कसा व निवतो कसा याचा अभ्यास झाला. इलेक्ट्रॉनांकडून जालकाकडे उष्णता जाण्यास पिकोसेकंदाच्या (सहस्र फेमटोसेकंदांच्या) आसपास वेळ लागतो, हे १९८७ च्या सुमारास तांबे व सोने यांवरील प्रयोगांत दिसून आले. या दोन तापमानांच्या प्रतिमानाची मांडणी सोव्हिएट संघातील शास्त्रज्ञांनी त्यापूर्वीच केलेली होती. परंतु परावर्तकतेवरून एका विशिष्ट ऊर्जेच्या इलेक्ट्रॉनाविषयी काही सांगता येत नाही.

ती उणीव द्विफोटॉन प्रकाश-उत्सर्जनाच्या पद्धतीने भरून काढली. तीत दोन अतिलघू स्पंद धातूच्या स्वच्छ पृष्ठावर टाकतात. पहिल्या स्पंदाने इलेक्ट्रॉन फेर्मी पातळीच्या वर, पण पृष्ठातून सुटण्यास लागणाऱ्या ऊर्जेच्या खाली, उचलला जातो. काही काळाने येणारा दुसरा स्पंद त्यास बाहेर काढतो व त्याची ऊर्जा मोजली जाते. दोन स्पंदांतील अंतर वाढवत गेल्यास मधल्या काळात ऊर्जा गमावलेल्या इलेक्ट्रॉनांची संख्या वाढते व बाहेर येणाऱ्यांची कमी होते. या घटीवरून आयुर्मान काढतात. स्पंदांमधील काळ घड्याळाने मोजावा लागत नाही. एका स्पंदाचा मार्ग आरसा सरकवून लांबविला जातो, व प्रकाश एका फेमटोसेकंदात ०.३ मायक्रोमीटर जातो एवढे माहीत असले म्हणजे पुरते. सोन्यावर डब्ल्यू. एस. फॅन व सहकारी यांनी १९९२ मध्ये पाहिले, की उत्तेजित इलेक्ट्रॉन लगेच एका तापमानास येत नाहीत; काही शेकडा फेमटोसेकंदांपर्यंत ते तापमान या संकल्पनेत बसतच नाहीत. याच सुमारास टायटॅनियम-नीलम लेसर उपलब्ध झाल्यामुळे अशी मापने अनेक प्रयोगशाळांत सुरू झाली.

तांब्याविषयीचा वाद : तांबे हा सोपा धातू समजला जात होता; अडचण तेथेच उद्भवली. लांदाऊ यांच्या नियमानुसार ऊर्जा कमी होताना आयुर्मान एकसारखे वाढावयास हवे. प्रत्यक्षात १९९६-९७ च्या मापनांत आलेखावर मध्येच एक उंचवटा आढळला. त्याहून विचित्र म्हणजे लेसराची तरंगलांबी बदलली की हा उंचवटा जागा बदलत असे. इलेक्ट्रॉनाचे आयुर्मान त्याच्या स्वतःच्या ऊर्जेवर अवलंबून असेल, त्यास वर नेणाऱ्या प्रकाशाच्या रंगावर कसे असेल? उंचवट्याची जागा पाहता डी-पट्टातून उचललेले इलेक्ट्रॉन जेथे पोहोचतात तेथेच तो येतो, हे लक्षात आले. बर्लिन येथील मार्टिन वोल्फ, गेऱ्हार्ट एर्टल व सहकारी यांनी असे स्पष्टीकरण दिले, की डी-पट्टात राहिलेली पोकळी वरच्या इलेक्ट्रॉनाने भरली जाते व त्यात सुटलेल्या ऊर्जेने दुसराच एखादा इलेक्ट्रॉन वर फेकला जातो. हा उशिरा आलेला इलेक्ट्रॉन मूळचाच समजला गेल्याने काळ लांबलेला दिसतो. हे एकच कारण पुरेसे नाही, असे इतर गटांचे म्हणणे पडले. शिवाय उत्तेजित इलेक्ट्रॉन पृष्ठापासून धातूच्या आत निघून जातात व मोजला जाणारा काळ त्यामुळे खरा आयुर्मानापेक्षा कमीही येऊ शकतो. यावरून मोजलेला काळ हा शिथिलनाचा काळ असतो, त्यात आयुर्मानाखेरीज नव्या इलेक्ट्रॉनांची भर व जुन्यांचे स्थलांतर मिसळलेले असते, ही जाण पक्की झाली. आयुर्मानाचे जुने आकडे वाचताना ही गोष्ट दृष्टीआड करून चालत नाही.

लोहचुंबकीय धातू : संक्रमणी धातूंतील अल्प आयुर्मानाचे कारण रिकामा डी-पट्ट होय, या विचाराची खरी कसोटी कोबाल्ट, निकेल व लोह यांत होती. या धातूंत इलेक्ट्रॉनांचे त्यांच्या परिवलनाच्या दिशेनुसार दोन गट पडतात. कोबाल्ट व निकेल यांत बहुसंख्य गटाचा डी-पट्ट जवळजवळ भरलेला, तर अल्पसंख्य गटाचा काही अंशी रिकामा असतो. मॉट यांचा सापळा म्हणजे अल्पसंख्य गटापुरताच उघडा असतो. तेव्हा त्या गटाच्या इलेक्ट्रॉनांचे आयुर्मान कमी भरावयास हवे. मार्टिन एशलिमान व सहकारी यांनी १९९७ मध्ये कोबाल्टच्या पातळ थरावर परिवलनाची दिशा ओळखून द्विफोटॉन मापन केले तेव्हा बहुसंख्य इलेक्ट्रॉनांचे आयुर्मान अल्पसंख्यांच्या जवळजवळ दुपटीपर्यंत असल्याचे आढळले. दिशा अपेक्षेप्रमाणे निघाली, पण केवळ रिकाम्या जागांच्या गणनेवरून अपेक्षित असलेला फरक याहून बराच मोठा होता. रिकाम्या जागा किती हे कळले तरी तेथपर्यंत पोहोचण्याची संभाव्यता किती हे त्यावरून कळत नाही. डी-अवस्था आकुंचित असल्याने एस-इलेक्ट्रॉनाशी त्यांचा परस्परव्यापही मर्यादित असतो. मॉट यांची कल्पना बरोबर होती, पण अपुरी.

या फरकाचे व्यावहारिक परिणाम लवकरच दिसू लागले. डी. जे. मोन्स्मा व सहकारी यांनी १९९५ मध्ये बनविलेल्या परिवलन-झडप ट्रँझिस्टरात अधिक ऊर्जेचे इलेक्ट्रॉन चुंबकीय थरांतून जाऊ देतात. अल्पसंख्य परिवलनाचे इलेक्ट्रॉन वाटेतच ऊर्जा गमावतात व थरांच्या चुंबकन दिशांनुसार प्रवाह मोठ्या प्रमाणात बदलतो. स्ट्रॅस्बर्ग येथे एरिक बोरेपेर, जाँ-इव्ह बिगो व सहकारी यांना १९९६ मध्ये असे दिसले, की ६० फेमटोसेकंदांच्या लेसर स्पंदाने निकेलचे चुंबकत्व एका पिकोसेकंदाच्या आत बरेचसे नाहीसे होते. जालक तापण्याच्या आधीच चुंबकत्व कोठे जाते, हा प्रश्न त्यातून निर्माण झाला. मार्को बातियातो, कारेल कार्वा व पेटर ओप्पनीर यांनी २०१० मध्ये दिलेल्या उत्तरात आयुर्मानातील हाच फरक मध्यवर्ती आहे : अधिक टिकणारे बहुसंख्य इलेक्ट्रॉन उत्तेजित भागातून दूर निघून जातात व मागे चुंबकत्व घटते. परिवलन जालकाच्या कंपनांमुळे उलटते असे मानणाऱ्यांना हे मान्य नाही. दोन्ही क्रिया घडत असाव्यात व थराच्या जाडीनुसार त्यांचा वाटा बदलत असावा, हे मत अधिक ग्राह्य वाटते.

सैद्धांतिक गणन : लार्स हेडीन यांनी १९६५ मध्ये दिलेल्या पद्धतीने धातूच्या प्रत्यक्ष ऊर्जापट्टांवरून आयुर्मान काढणे संगणकांची शक्ती वाढल्यावर शक्य झाले. स्पेनमधील सान सेबास्त्यान येथे पेद्रो मिगेल एचेनिके व सहकारी यांनी १९९९ नंतर अशी गणने केली. तांब्याचे आयुर्मान मुक्त इलेक्ट्रॉन सूत्राहून जास्त का, याचे उत्तर त्यांतून मिळाले. तांब्याचे डी-इलेक्ट्रॉन सापळा होत नाहीत, उलट विद्युत् भार झाकण्यास हातभार लावून आयुष्य वाढवितात. डी-पट्ट भरलेला असेल तर तो संरक्षण देतो, अपुरा असेल तर आयुष्य घटवितो, असा हा दुहेरी स्वभाव आहे.

ॲटोसेकंद मापने : सेकंदाच्या अब्ज-अब्जाव्या भागाएवढे, म्हणजे ॲटोसेकंदांत मोजले जाणारे, प्रकाश स्पंद २००१ पासून उपलब्ध झाले, या कार्याबद्दल प्येअर आगोस्तिनी, फेरेन्त्स क्राउस व आन ल्'हुइल्ये यांना २०२३ चे भौतिकीचे नोबेल पारितोषिक मिळाले. टंगस्टनाच्या पृष्ठातून बाहेर पडताना आतील कवचाचे इलेक्ट्रॉन संवहन पट्टातील इलेक्ट्रॉनांहून सुमारे १०० ॲटोसेकंद मागे राहतात, असे २००७ मध्ये आढळले. निकेलमधून बाहेर पडताना अंतिम अवस्था जर धातूच्या एखाद्या खऱ्या रिकाम्या पट्टाशी जुळत असेल तर इलेक्ट्रॉन तेथे सुमारे २१२ ॲटोसेकंद रेंगाळतो, असे कोलोरॅडो येथील हेन्री कॅप्टेन व मार्गरेट मर्नेन यांच्या गटाने २०१६ मध्ये दाखविले. याच गटाने पुढील वर्षी निकेल व तांबे यांची तुलना केली. दोहोंच्या डी-पट्टातून उचललेल्या इलेक्ट्रॉनांपैकी तांब्यातील इलेक्ट्रॉनांचे आयुर्मान सुमारे १०० ॲटोसेकंदांनी अधिक भरले आणि त्याचे कारण म्हणून निकेलच्या अपुऱ्या भरलेल्या डी-पट्टाकडे बोट दाखविण्यात आले. फेर्मी पातळीच्या सुमारे २० इलेक्ट्रॉन व्होल्ट वर असलेल्या इलेक्ट्रॉनालाही खालच्या त्या रिकाम्या जागा जाणवतात, हे मॉट यांच्या वेळी कोणाच्या कल्पनेत असण्याचा संभव नव्हता.